हाकणे आणि हाकलणे

श्रोतेहो, कोणाला जवळ बोलवायचे झाले तर मराठीत आपले चार-दोन शब्दांवर भागते. ये म्हणावे, हाक मारावी, निरोप धाडावा, फारच मोठा माणूस असला तर पाचारण करावे. पण कोणाला दूर घालवायचे ठरले की भाषेची सगळी कोठीच उघडते. हाकलणे, हुसकणे, पिटाळणे, घालवणे, पळवून लावणे, कटवणे, वाटेला लावणे, बोळवण करणे, गचांडी देणे, अर्धचंद्र देणे, डच्चू देणे, नारळ देणे, उचलबांगडी करणे, वाळीत टाकणे, देशोधडीला लावणे, हद्दपार करणे, तडीपार करणे! दमून जावे एवढी ही यादी आहे.

शाळेत हे सारे शब्द समानार्थी म्हणून शिकवले जातात. पण कोणत्याही भाषेत दोन शब्द तंतोतंत एकाच अर्थाचे फार दिवस नांदत नाहीत. एकाने दुसऱ्यापेक्षा काही वेगळे काम पत्करलेले असते. हे वेगळे काम कोणते ते शोधू लागलो, की व्याकरण मागे पडते आणि इतिहास पुढे येतो. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा तर बराच इतिहास या शब्दांत साठलेला आहे. आज तो थोडासा उलगडून पाहू.

सुरुवात ‘हाक’ या शब्दापासून करू. प्राकृतात ‘हक्का’ म्हणजे हाक, मोठ्याने दिलेला आवाज. त्यापासून आपले ‘हाकणे’. गुरे हाकायची ती आवाजाने. काठी असते ती बहुधा दाखवण्यापुरती. गाडी हाकतो, मोट होती तेव्हा मोट हाकत असू, संसाराचा गाडा हाकतो आणि राज्याचा कारभारही हाकतो. या सगळ्या हाकण्यात एक गोष्ट समान आहे. हाकणाऱ्याला जायचे कुठे ते ठाऊक असते. गुरे गोठ्याकडे हाकायची, गाडी बाजाराकडे. शिवाय हाकणारा स्वतः बरोबर चालत असतो.

आता याच शब्दात एक ‘ल’ घाला. ‘हाकलणे’ झाले. अर्थ किती पालटला बघा! कुत्रे हाकलले, भिकारी हाकलला, पोराला वर्गातून हाकलले. तो पुढे कुठे गेला? हाकलणाऱ्याला त्याची फिकीर नाही. आपल्या दारात तो उरला नाही, की काम संपले. हाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुक्काम असतो, हाकलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त आपला उंबरठा. दूर घालवण्याच्या कोणत्याही शब्दाला हा एकच प्रश्न विचारावा, की बाबा रे, ज्याला घालवतोस त्याने जायचे कुठे? शब्दागणिक उत्तर निराळे येते.

शेतातले शब्द आधी घेऊ. सोलापूरची शाळू ज्वारी प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याची मालदांडी तर सगळीकडे पोचली आहे. पौष-माघात कणसात दाणा भरला, हुरडा झाला, की पाखरांची झुंबड उडते. भोरड्यांचे थवेच्या थवे मध्य आशियाकडून थंडीत इकडे येतात आणि उभ्या पिकावर उतरतात. मग शेतात माळा उभारायचा, गोफण घ्यायची आणि राखण करायची. या कामाचा शब्द ‘हुसकणे’. पाखरांना आपण जो ‘हुश्श’ असा आवाज करतो, तोच या शब्दात ऐकू येतो. माणूस दमला तर त्याच्या जागी बुजगावणे उभे राहते. जनावर बुजते, म्हणजे बिचकते. त्याला बुजवणारे ते बुजगावणे.

पण हुसकलेले पाखरू काही नाहीसे होत नाही. ते उठते आणि शेजारच्या वावरात उतरते. तिथला राखणदार आरोळी ठोकतो, की ते तिसऱ्याच्या पिकात जाते. पाखराच्या बाबतीत हे चालून जाते, कारण त्याला आभाळ मोकळे असते.

‘पिटाळणे’ या शब्दात मार आहे. पिटणे म्हणजे मारणे, बडवणे. शत्रूला पिटाळले असे आपण म्हणतो. पण घरात तोच शब्द निवळतो. “पोराला दुकानात पिटाळलं” म्हणताना आई त्याला घराबाहेर काढत नाही, घाईने कामाला धाडते. पोरगे दहा मिनिटांत परत येणार हे गृहीत असते.

‘घालवणे’ हा शब्द याहून दिलदार आहे. आपण ताप घालवतो, डाग घालवतो, वेळ घालवतो आणि पाहुण्याला एस. टी. स्टँडवर घालवायलाही जातो. नको असलेली वस्तू आणि हवासा पाहुणा, दोघांना एकच क्रियापद! पाहुण्याला घालवण्यात त्याची सोबत करणे असते. ‘बोळवण’ या शब्दाचेही तसेच. लेकीची बोळवण करायची ती खणानारळाने ओटी भरून. पुढे हाच शब्द “दोन आश्वासनांवर बोळवण केली” असा कडवट झाला. नारळाची गत तीच. निरोपाचा मान म्हणून हातात द्यायचा नारळ, पण कामावरून कमी केलेला माणूस “मला नारळ दिला” म्हणून सांगतो. गिरण्यांच्या या गावाला त्या नारळाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्या गावात नुसती मराठीच नांदत नाही. पूर्व भागात तेलुगू ऐकू येते, लिंगायत घरांतून कानडी, मोहल्ल्यांतून दखनी. कानडीत घालवून देण्याला ‘ओडिसु’ म्हणतात. ‘ओडु’ म्हणजे पळणे, ‘ओडिसु’ म्हणजे पळायला लावणे. हुबेहूब आपले ‘पळवणे’. तेलुगूत ‘वेळ्ळगोट्टु’ म्हणजे हाकलून देणे, आणि त्यातले ‘कोट्टु’ म्हणजे मारणे. म्हणजे हे आपल्या ‘पिटाळणे’चे भावंड झाले. भाषांची कुळे निराळी असली तरी माणसाची रीत एकच. एक तर पळायला लावायचे, नाही तर मारून काढायचे.

आता शेतातून गावाच्या शिवेवर येऊ. पटकीची साथ आली की मरीआई कोपली असे मानण्याचे दिवस होते. मग गावकरी लहानसा लाकडी गाडा सजवत, त्यात देवीची स्थापना करत, नैवेद्य ठेवत आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपार नेऊन सोडत. इडापिडा आपल्या गावातून गेली! पण गेली कुठे? तर पुढच्या गावाच्या हद्दीत. ते गाव घाबरून तोच गाडा आणखी पुढे ढकलत असे. अशा रीतीने मरीआईचा गाडा गावोगाव फिरत राही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला आणि रोग पाण्यातून येतो हे पक्के झाले. गाडा कितीही लांब नेला तरी विहिरीतले पाणी गावातच होते. त्या काळच्या भाबड्या माणसांना मी हसत नाही. आपले संकट दुसऱ्याच्या शिवेत लोटले म्हणजे ते संपले, ही समजूत आपल्यातून अजून पुरती गेलेली नाही.

शिवेच्या आत गावकूस, म्हणजे गावाभोवतीची भिंत. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आपण आता पुस्तकात वाचतो. एके काळी तो राहण्याचा पत्ता होता. संत चोखामेळ्यांचा अंत मंगळवेढ्याला १३३८ च्या सुमारास झाला असे परंपरा सांगते. कसा झाला? तर कुसवाचे बांधकाम चालू असताना ते ढासळले आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. ज्या कुसवाच्या आत राहण्याची ज्याला मुभा नव्हती, तेच कूस बांधताना त्याने प्राण सोडले! नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. समाधीसुद्धा बाहेरच. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून सानेगुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, ते १० मे रोजी संपले. दार उघडायला सहाशे वर्षे लागली. एवढा काळ रोज उठून कोणाला कोणी हाकलत नव्हते. एकदा भिंत उभी राहिली, की हाकलण्याचे काम भिंतच करते. तोंडातून शब्दही काढावा लागत नाही.

‘वाळीत टाकणे’ हा या जातीचाच शब्द. वाळीत टाकलेला माणूस गावातच राहतो. त्याला कोणी मारत नाही, ओरडत नाही. फक्त त्याला कोणी हाक मारत नाही. हाकलण्यात निदान हाक तरी आहे; वाळीत टाकण्यात तीही नाही. म्हणून मला हा शब्द सगळ्यांत कठोर वाटतो. महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला, यावरून हा शब्द किती जिवंत आहे ते ध्यानात येईल.

आता सोलापूरच्या ज्या प्रकरणासाठी हे सारे बोलतो आहे, त्याकडे येतो.

रेल्वे येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर मालाची ने-आण कोण करीत असे? लमाण. शेकडो-हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. मोठमोठ्या फौजांना रसद त्यांनी पुरवली. हाकणे या शब्दाचे खरे धनी ते. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरात पोचली. जो माल न्यायला तांड्याला महिने लागत, तो वाघिणीतून दिवसात जाऊ लागला. लमाणांचे हाकणे थांबले. टोपल्या विणणारे कैकाडी, रानात फासे लावणारे पारधी, दगड फोडणारे वडार, यांचेही पोट फिरण्यावरच होते. आणि फिरणाऱ्या माणसाविषयी नव्या सरकारला पहिल्यापासून संशय. ज्याचा पत्ता नाही त्याचा भरवसा काय!

१८७१ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. पहिला, कायदा क्रमांक १, मोकाट गुरांसंबंधीचा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर पकडून कोंडवाड्यात घालायचे, हा आपल्या परिचयाचा कायदा. दुसरा, कायदा क्रमांक २७, ‘गुन्हेगार जमातीं’संबंधीचा. अख्खीच्या अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार म्हणून जाहीर करता येईल अशी त्यात सोय होती. प्रथम तो उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. कोंडवाड्यातल्या जनावराला चारापाणी देणे हे कोंडवाड्याच्या रखवालदाराचे कायद्याने ठरलेले कर्तव्य. धनी आला, त्याने दंड आणि खर्च भरला, की जनावर सुटले. माणसाच्या कायद्यात अशी सुटका नव्हती. आपली जमात गुन्हेगार ठरवली हे चूक आहे, असे म्हणून कोर्टात दाद मागण्याचीही वाट बंद केलेली होती. बैलाने शेत खाल्ले तर त्याला कोंडायचे. माणसाने काही केलेले असो वा नसो, तो अमक्याच्या पोटी जन्मला एवढे पुरे.

१९११ च्या कायद्यानुसार या जमातींच्या माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, त्यांना हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलू द्यायचे नाही आणि जरूर तर सेटलमेंटमध्ये आणून ठेवायचे, असे अधिकार सरकारला मिळाले. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून निराळ्या शाळेत ठेवण्याचीही त्यात तरतूद होती. मुंबई इलाख्यात या कामाची सूत्रे ओ. एच. बी. स्टार्ट या आय. सी. एस. अधिकाऱ्याकडे होती. विजापूर, हुबळी, गदग येथे सेटलमेंट झाल्या आणि सोलापुरात झाली ती फार मोठी. सोलापूरच का? तर इथे गिरण्या होत्या. १८७७ मध्ये निघालेल्या जुन्या गिरणीपासून एकेक गिरणी वाढत गेली होती आणि त्यांना हात हवे होते. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी-भामटा, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड आणून बसवली गेली. गिरणीत काम, आणि कामावरून आले की हजेरी.

‘सेटलमेंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ वसवणे. पण ज्यांना वसवले त्यांच्या बाजूने पाहिले तर हा हाकारा होता. शिकारीत हाकारे तीन बाजूंनी ओरडत, डबे बडवत येतात. जनावराला वाटते, चौथी बाजू मोकळी आहे; म्हणून ते तिकडे धावते, आणि बंदूक तिथेच असते. या माणसांचे तेच झाले. गावात गेले तर पाटील हाकलणार, शिवारात उतरले तर पोलीस हाकलणार, रानात गेले तर जंगलखाते हाकलणार. मोकळी बाजू एकच, तारेच्या कुंपणाची. हाकारा हा शब्द त्यांच्यातल्या पारध्यांना तर चांगलाच ठाऊक होता.

सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, दवाखाना होता, रोजगार होता, हेही सांगितले पाहिजे. तिथे शिकून पुढे नाव काढणारी माणसे निघाली. पण तोंडाने दिवसातून दोनदा ‘हजर’ म्हणून माणुसकी सिद्ध करावी लागणे, याची भरपाई शाळेने होत नाही.

याच गावाने पुढे एक उलटा प्रसंग पाहिला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोक खवळले, आणि सरकारी अंमल शहरातून निघून गेला. नेहमी हाकलणाऱ्यांनाच गावाने हुसकावले. पण सत्ता ही भोरडीसारखी असते. उठते आणि पुन्हा उतरते. १२ मे रोजी लष्करी कायदा आला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे आपल्या शहरात उभे आहेत. पुढे १९४२ मध्ये ‘चले जाव’ हा शब्द देशाच्या तोंडी आला. त्यात जायचे कुठे याचे उत्तर स्पष्ट होते. ज्यांना जा म्हटले त्यांना स्वतःचा देश होता, आणि ते तिकडे गेले.

सेटलमेंटमधल्यांना मात्र परत जायला ठिकाण उरले नव्हते. मुंबई सरकारने १९४९ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सगळ्या देशातून गेला. त्या दिवसापासून या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जमाती आहेत. सोलापुरातल्या त्या वस्तीला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हणू लागले. कुंपण गेले, तरी वस्तीच्या नावातला ‘सेटलमेंट’ तेवढा राहिला.

स्वराज्यातही दूर घालवण्याचे शब्द संपले नाहीत, त्यांना कलमे लागली. ‘तडीपार’मधली तड म्हणजे नदीचा काठ, काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये माणसाला ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर काढण्याची तरतूद आहे, आणि वर्तमानपत्रे तिला आजही तडीपारीच म्हणतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ही कारवाई व्यक्तीवर होते, नोटीस द्यावी लागते, अपील करता येते. तरी जुना प्रश्न राहतोच. एका जिल्ह्याने नदीपार केलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या काठावर उतरतो. मरीआईचा गाडाच तो!

आणि पाण्याने केलेली तडीपारी? भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या भागातली गावे पाण्याखाली गेली. तिथले लोक “आम्हाला हाकललं” असे म्हणत नाहीत, “गाव उठलं” असे म्हणतात. पाखरू उठावे तसे गाव उठले. सरकारी भाषेत ते ‘विस्थापित’ झाले आणि त्यांच्यासाठी ‘पुनर्वसन’ हा शब्द आला. या शब्दात निदान पोचण्याच्या जागेचा उल्लेख आहे, ही जमेची बाजू. कागदावर लिहिलेली ती जागा पायाखाली आली, तर तो हाकण्याचा शब्द. नाही आली तर ‘हाकलणे’चेच ते शुद्ध रूप.

शेवटी, श्रोतेहो, आपल्या हातातली एक गोष्ट सांगून थांबतो. कायद्याने १९५२ मध्ये कुंपण काढले. भाषेतले कुंपण काढणारा कायदा नसतो. आजही लबाड माणसाला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. वर्तमानपत्रात रोज मथळा असतो, “भामट्याने गंडवले”. भामटा हे त्या चौदांपैकी एका जमातीचे नाव आहे. त्या जमातीचे मूल आपल्या शाळेत, आपल्या कॉलेजात बसलेले असते. शाळेच्या नोंदीत त्याची जात लिहिलेली असते आणि मराठीच्या तासाला तोच शब्द ‘ठक’ याचा समानार्थी म्हणून फळ्यावर लिहिला जातो. त्या पोराला वर्गातून कोणी बाहेर काढलेले नसते. पण त्याने त्या क्षणी जायचे कुठे?

लबाड, ठक, लुच्चा, फसव्या, ठकसेन असे शब्द मराठीत काही कमी नाहीत. त्यातला कोणताही घ्यावा. जातीजमातीचे नाव शिवी म्हणून वापरायचे सोडले, तर आपल्या भाषेचे काही अडणार नाही. दुसऱ्याला दूर लोटणारे शब्द तिच्याजवळ आधीच पोतेभर आहेत. त्यातला एखादा आपणच बाजूला ठेवला तर ती गरीब होणार नाही.